विश्लेषण : आई-वडिलांसाठी देखभाल केंद्र निवडताना दर्जा ओळखायचा कसा?

रुग्णालयात ‘उद्या डिस्चार्ज’ असे सांगितले जाते आणि घरात खरा पेच सुरू होतो. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले वडील किंवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई यांना आता ऑपरेशनची नाही, तर चोवीस तास जवळ माणूस असण्याची गरज असते. मुलगा चाकणच्या कंपनीत पाळ्यांमध्ये, सून हिंजवडीला नोकरीत, नातवंडे शाळेत. ब्यूरोकडून आलेली मावशी आठ दिवसांत काम सोडून जाते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. दोन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो, महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे असतात आणि पाहणी होते ती फक्त रिसेप्शनची.

ज्याला तिथे राहायचे आहे तो अनेकदा नीट बोलू शकत नाही. त्यामुळे देखभाल चांगली की वाईट, हे कुटुंबाला कळते ते बऱ्याचदा पाठीवर जखम दिसल्यावर. ते आधी कसे ओळखता येईल? कायदा काय सांगतो? आणि बिघडले तर दाद कुठे मागायची?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडमध्ये आत्ताच का?

या शहराचे वय आणि इथल्या कामगारांचे वय बरोबरीने वाढले आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. सातारा, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा, कोकणातून तरुण इथे कामाला आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. १९७० मध्ये बाविसाव्या वर्षी कंपनीत लागलेला कामगार आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे.

त्याची मुले आता चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात कामाला आहेत. गावाकडचे घर बंद आहे, भावंडे विखुरलेली आहेत आणि शहरातले घर दोन खोल्यांचे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढच्या नागरिकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्याच जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. त्यानंतर शहर कितीतरी वाढले आहे.

पैशाची बाजूही अवघड आहे. कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान मासिक पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. सत्तरीपुढच्या नागरिकांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. पात्र निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा सुरू ठेवता येते. मात्र त्यातही महिनोन्‌महिने राहून घेण्याची देखभाल येत नाही. तो खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो. म्हणूनच पैसे भरण्याआधीची पाहणी महत्त्वाची ठरते.

‘नर्सिंग होम’ म्हणजे नेमके काय?

इथेच पहिला गोंधळ होतो. अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हटले की वृद्धांनी दीर्घकाळ राहण्याची जागा डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे चौकाचौकात ‘नर्सिंग होम’ची पाटी दिसते, ती बहुतेक वेळा एखाद्या डॉक्टरच्या छोट्या खासगी रुग्णालयाची किंवा प्रसूतिगृहाची असते. तिथे रुग्ण चार दिवस राहतो आणि घरी जातो.

अंथरुणावरच्या वृद्धाला महिनोन्‌महिने ठेवून घेणाऱ्या जागांच्या पाट्या वेगळ्या असतात. कुठे ‘वृद्धाश्रम’, कुठे ‘केअर सेंटर’, कुठे ‘रिहॅब’, तर कुठे ‘असिस्टेड लिव्हिंग’. वृद्धाश्रमात साधारणपणे हिंडते-फिरते ज्येष्ठ राहतात. जेवण, खोली आणि सोबत ही तिथली मुख्य सेवा. केअर सेंटरमध्ये नळीने अन्न देणे, लघवीची पिशवी सांभाळणे, डायपर बदलणे, इन्सुलिन देणे अशी कामे रोज करावी लागतात. रिहॅबमध्ये फिजिओथेरपीवर भर असतो आणि ठरावीक काळाने घरी परतणे अपेक्षित असते.

पाटीवरून सेवेचा अंदाज येत नाही. म्हणून पहिला प्रश्न सरळ विचारावा : ‘आत्ता तुमच्याकडे पूर्ण अंथरुणावर असलेले किती जण आहेत? अन्ननळी असलेले किती? स्मृतिभ्रंशाचे किती?’ ज्या केंद्राला हे आकडे तोंडपाठ नाहीत, त्याला रात्रपाळीला किती माणसे लागतात हेही ठाऊक नसण्याची शक्यता असते.

कायदा काय सांगतो आणि कुठे थांबतो?

खासगी रुग्णालयांसाठी केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम लागू आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्यातील व्याख्या आहे. नोंदणी आणि तिचे नूतनीकरण बंधनकारक आहे. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याखालचे नियम सुधारले गेले. रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रार निवारणाची व्यवस्था असणे अशा तरतुदी त्यात आल्या. महापालिका हद्दीत नोंदणीचे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो, तर चाकणसारख्या भागात जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय.

व्याख्येत ‘दुर्बलता’ हा शब्द आहे, पण हा कायदा रुग्णालये डोळ्यांपुढे ठेवून चालवला जातो. दोन वर्षे एकाच खाटेवर राहणाऱ्या आजीची कूस किती वेळा बदलली, याचा हिशेब त्यात नाही.

दुसरा कायदा २००७ चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची कल्पना त्यात आहे. मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी न्यायाधिकरण आहे. मात्र खासगी देखभाल केंद्रांच्या दर्जाबद्दल हा कायदा फारसे बोलत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले होते. ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची आणि घरी माणूस पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान निकष अशी तरतूद त्यात होती. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले.

याचा अर्थ सरळ आहे. रुग्णालयासाठी एक कायदा आहे, निराधारांच्या वृद्धाश्रमासाठी दुसरा आहे. मधल्या जागेचा दर्जा तपासण्याचे काम आज प्रत्यक्षात कुटुंबावरच येऊन पडते.

मग दर्जा मोजायची रीत कोणती?

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याची एक रीत अमेरिकेतील संशोधक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. तीन गोष्टी पाहायच्या : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे जागा, माणसे, साधने, कागदपत्रे. प्रक्रिया म्हणजे रोज काय आणि कसे केले जाते. परिणाम म्हणजे त्यामुळे माणसाचे काय झाले.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे नवे नाही. नव्या व्हेंडरकडून माल घेण्याआधी कंपनी त्याचे ऑडिट करते. मशीन कोणते आहे, ऑपरेटर प्रशिक्षित आहे का, चेकशीट रोज भरली जाते का आणि शेवटी रिजेक्शन किती, हे सगळे पाहिले जाते. कॉन्फरन्स रूममधले प्रेझेंटेशन पाहून कुणी ऑर्डर देत नाही. एका बोल्टसाठी जी चिकाटी दाखवली जाते, तीच वडिलांची खाट ठरवतानाही दाखवायला हवी.

गूगलवरच्या स्टारवर विसंबता येईल का?

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या केंद्र सरकारने २००८ च्या अखेरीस नर्सिंग होमसाठी एक ते पाच ताऱ्यांची पद्धत सुरू केली. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि देखभालीचे निकष यांवर तारे मिळत. कर्मचारी आणि निकष यांची माहिती मात्र बरीचशी संस्थाच भरून देत असत. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने यातली पोल उघड केली. पाच तारे मिळवलेल्या काही ठिकाणी देखभालीच्या गंभीर तक्रारी होत्या. त्यानंतर २०१६ पासून कर्मचाऱ्यांची संख्या थेट पगारपत्रकाच्या आकड्यांवरून कळवणे सक्तीचे झाले.

इंग्लंडमध्ये स्वतंत्र आयोग प्रत्येक केंद्र पाच प्रश्नांवर तपासतो : जागा सुरक्षित आहे का, देखभालीचा उपयोग होतो का, वागणूक आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदल होतो का आणि कारभार नीट आहे का. अहवाल सर्वांसाठी खुला असतो.

आपल्याकडे अशी सरकारी श्रेणी नाही. गूगलवरचे स्टार देणारा बहुधा नातेवाईक असतो, खाटेवरचा माणूस नाही. रिव्ह्यू वाचावेत, पण कमी स्टारचे आधी आणि तारखा पाहून वाचावेत. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत पुन:पुन्हा दिसत असेल, तर तिची दखल घ्यावी.

रचना : आधी काय तपासावे?

नोंदणी. जिथे उपचार आणि शुश्रूषा दोन्ही दिल्या जातात, तिथे १९४९ च्या कायद्याखालचे प्रमाणपत्र मागावे. त्यावरचा पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत प्रत्यक्षाशी जुळते का ते पाहावे. ‘आम्ही ट्रस्ट आहोत’ किंवा ‘आमचे शॉप ॲक्ट आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही.

नर्स. ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली जाणारी प्रत्येक व्यक्ती प्रशिक्षित परिचारिका नसते. जीएनएम, एएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. इंजेक्शन देणारी आणि नळी बसवणारी व्यक्ती कोण आहे, ती रात्री हजर असते का, हे विचारावे.

आग. अनेक केंद्रे बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये चालतात. २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातील दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्णांचा बळी गेला. जे स्वतः उठू शकत नाहीत त्यांना बाहेर कोण आणि कोणत्या वाटेने काढणार, हा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या खोलीबाबत तर विचारलाच पाहिजे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसते का, जिन्याचे दार रात्री कुलूपबंद असते का, हे स्वतः पाहावे.

रुग्णालयाचे अंतर. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तपासणीचा वेळही त्यातच मोजला जातो. संध्याकाळी सहाला तळेगाव चौकात अडकलेली रुग्णवाहिका डोळ्यांपुढे आणली, की चाकणच्या बाहेरचे शांत, हिरवेगार केंद्र वेगळे दिसू लागते. केंद्राची स्वतःची रुग्णवाहिका आहे की १०८ वर भिस्त आहे, कोणत्या रुग्णालयाशी बोलणे झालेले आहे आणि तिथे सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

माणसे पुरेशी आहेत, हे कसे ओळखावे?

हा साधा भागाकार आहे. समजा, केंद्रात ३० वृद्ध आहेत आणि ‘आमच्याकडे सहा जणांचा स्टाफ आहे’ असे सांगितले जाते. ड्युटी १२ तासांची, आठवड्याला एक सुटी. सहा जणांचे सहा दिवस म्हणजे आठवड्याला ३६ ड्युट्या. सात दिवसांत वाटल्या तर दिवसाला जेमतेम पाच. दिवसपाळीला तिघे लावले तर रात्रपाळीला दोघेच उरतात. म्हणजे रात्री एका माणसामागे १५ वृद्ध.

यातले दहा जण पूर्ण अंथरुणावर आहेत असे धरू. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याला दोन माणसे लागतात. कूस बदलणे, डायपर पाहणे, चादर सारखी करणे यासाठी प्रत्येकी दहा मिनिटे धरली, तर एका फेरीला १०० मिनिटे लागतात. पुढची फेरी १२० मिनिटांनी सुरू व्हायची असते. उरलेल्या २० मिनिटांत बाकीच्या २० जणांना संडासला नेणे, पाणी देणे, कुणी पडले तर उचलणे आणि स्वतः डबा खाणे. मावशी कितीही मायेची असली तरी हे गणित जमत नाही. कूस बदलणे राहून जाते आणि तक्त्यावर मात्र टिक पडते.

दिवसाला पाच माणसांचे १२ तास म्हणजे ६० तास. ते ३० जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन तास येतात. अमेरिकेच्या सरकारने २०२४ मध्ये दर वृद्धामागे रोज किमान ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा नियम केला होता. संस्थाचालकांनी विरोध केला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. नियम टिकला नाही, पण तुलनेसाठी आकडा हाताशी आहे.

म्हणून ‘स्टाफ किती?’ असे विचारू नये. ‘काल रात्री ड्युटीवर कोण-कोण होते?’ असे विचारावे आणि ड्युटीचा तक्ता दाखवायला सांगावा.

प्रक्रिया : रोजचे काम खरेच होते का?

तक्ता वेळेआधी भरलाय का? औषधे, कूस बदलणे, रक्तदाब, साखर, पाणी-लघवी यांचे तक्ते खाटेजवळ असावेत. सकाळी ११ ला भेट दिली आणि दुपारी दोनच्या गोळीसमोर आधीच टिक दिसली, तर बाकीचा तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

गोळ्यांचा हिशेब. एक तारखेला ६० गोळ्या आणून दिल्या आणि रोज दोन द्यायच्या असतील, तर १६ तारखेच्या सकाळी ३० उरायला हव्यात. जास्त उरल्या तर डोस चुकले, कमी उरल्या तर कुठे गेल्या ते विचारावे. स्टोअरमध्ये स्टॉक जुळवतात तसे महिन्यातून एकदा जुळवावे.

बेल. रिकाम्या खाटेजवळची बेल दाबून पाहावी आणि घड्याळ लावावे. बेलच नसेल किंवा हाताच्या टप्प्याबाहेर असेल, तर तेही उत्तरच आहे. पाण्याचा पेला हात पोहोचेल अशा ठिकाणी आहे का, चष्मा, कवळी आणि कानातले यंत्र जवळ आहे का, तेही पाहावे.

जेवण. जेवणाच्या वेळी जावे. भरवणारा शेजारी बसला आहे की उभ्याने घास कोंबतो आहे? पाठ उंच करून बसवले आहे का? आडवे ठेवून भरवले किंवा नळीने अन्न दिले, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका असतो. नळीने अन्न देताना खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर असायला हवी. आयुष्यभर भाकरी खाल्लेल्या माणसाला ती कुस्करून दूध-आमटीत देता येते. तेवढी विचारपूस होते का, यावरून स्वयंपाकघराची नियत कळते.

बांधणे आणि झोपवणे. पडू नये म्हणून हात खाटेला बांधणे किंवा त्रास नको म्हणून झोपेचे औषध देणे, याचा निर्णय ॲटेंडंटने घ्यायचा नसतो. डॉक्टरचा लेखी सल्ला, कारण आणि मुदत हवी. मनगटावर वळ दिसले किंवा वेगवेगळ्या वेळी भेट देऊनही माणूस सतत पेंगलेलाच आढळला, तर औषधांची यादी मागून ती आपल्या डॉक्टरांना दाखवावी.

परिणाम : शरीर काय सांगते?

बेडसोअर. अंथरुणावरच्या माणसाच्या देखभालीचा हा सर्वांत बोलका पुरावा. माकडहाड, खुबे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू दर भेटीत पाहावी. कातडी लाल दिसली तर बोटाने हलके दाबावे. दाब काढल्यावरही ती लालीच राहिली, पांढुरकी झाली नाही, तर जखमेची सुरुवात झालेली असू शकते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे रंग गडद होणे, भाग गरम किंवा कडक लागणे यावर लक्ष ठेवावे. काही गंभीर आजारांत उत्तम काळजी घेऊनही जखम होते. पण ती आधी केंद्राने कळवली की नातेवाइकाला सापडली, हा फरक मोठा आहे.

वजन. दाखल करताना वजन करून लिहून घ्यावे आणि दर महिन्याला करायला सांगावे. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट गंभीर मानली जाते. ५० किलोच्या आईचे वजन महिन्यात ४७.५ झाले, तर कारण शोधलेच पाहिजे. केंद्रात वजनकाटाच नसेल, तर ही गोष्ट कुणी पाहत नाही हे उघड आहे.

पडणे. ‘आमच्याकडे कधीच कुणी पडत नाही’ असे सांगणाऱ्या केंद्रापेक्षा ‘गेल्या महिन्यात दोघे पडले, त्यानंतर न्हाणीघरात दांडी बसवली’ असे सांगणारे केंद्र अधिक भरवशाचे. कारखान्यात अपघाताची नोंदवही कोरी असणे हे नेहमीच सुरक्षिततेचे लक्षण नसते. इथेही तसेच.

याशिवाय वाढलेली नखे, कोरडी जीभ, गडद लघवी आणि मळलेले दात पाहावेत. फिनाईलचा वास सगळीकडे असतो. त्याखाली लघवीचा जुना वास दबला आहे का, तो गादीजवळ वाकल्यावर कळतो.

भेटीला कधी जावे?

दाखल करण्याआधी किमान दोनदा जावे, त्यातली एक भेट न सांगता. केंद्र रात्री भेटू देत नसेल तर निदान सकाळी लवकर आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी जावे. एमआयडीसीत गुरुवारी सुटी असणारे गुरुवारीच जातात आणि बाकीचे रविवारी. केंद्राला हे माहीत असते. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी आणि फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळी, असे दिवस व वेळा बदलत राहाव्यात.

‘कॅमेऱ्याचे ॲप देतो, घरबसल्या पाहा’ असे काही ठिकाणी सांगितले जाते. कॅमेरा हॉलमध्ये आणि जिन्यात उपयोगी आहे. पण तो कातडी, वजन आणि वास दाखवत नाही. अंघोळ घालण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या जागी तर तो नसावाच.

आणखी एक गोष्ट राहून जाते. ज्याला तिथे राहायचे आहे त्याला विचारले का? शुद्धीवर असलेल्या आई-वडिलांना जागा दाखवावी, शेजारच्या खाटेवर कोण आहे ते सांगावे. स्टाफपैकी कुणाला मराठी नीट समजते का, हेही पाहावे. दुखते कुठे हे सांगता येत नसेल तर नर्स कितीही शिकलेली असून फायदा नाही.

पैसे आणि करारात काय पाहावे?

महिन्याच्या रकमेत काय येते आणि काय येत नाही, हे लेखी घ्यावे. डायपर, औषधे, डॉक्टरची भेट, फिजिओथेरपी, अन्ननळी बदलणे, ऑक्सिजन, रुग्णवाहिका आणि रात्रीचा स्वतंत्र ॲटेंडंट यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात. स्वस्त वाटणारे केंद्र या यादीनंतर महाग ठरू शकते.

अनामत किती दिवसांत परत मिळेल, महिना अर्धवट असताना नेले किंवा मृत्यू झाला तर उरलेले पैसे मिळतील का, रुग्णालयात हलवल्यावर खाटेचे भाडे सुरू राहील का, दरवाढ कधी होते, हे करारात हवे. ‘काहीही झाले तर केंद्र जबाबदार नाही’ अशा कागदावर सही घेतली जाते. अशी सही दिली म्हणून निष्काळजीपणाबद्दल दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही.

तक्रार कुठे करायची?

आधी केंद्रप्रमुखाकडे लेखी. व्हॉट्सॲपवर पाठवले तरी तारीख आणि वेळ राहते. जखमेचे फोटो तारखेसह ठेवावेत आणि दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून त्याचा कागद घ्यावा.

शुश्रूषागृह म्हणून नोंद असलेल्या जागेबद्दल पिंपरी-चिंचवड हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि चाकण परिसरात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते. नोंदणीच नसेल तर तेही त्याच कार्यालयाला कळवावे.

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते. महाराष्ट्रात ती पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनमार्फत चालवली जाते. मारहाण, कोंडून ठेवणे असा प्रकार असेल तर थेट ११२.

पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

कायद्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्याने ज्येष्ठाला कुठेही सोडून देणे हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

दाखल केल्यावर काम संपते का?

नाही. पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. जागा नवी, माणसे नवी, औषधांच्या वेळा नव्या. या काळात भावंडांनी वार वाटून घ्यावेत, म्हणजे वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहणी होते. एक वही किंवा कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप ठेवून दर भेटीत पाच गोष्टी लिहाव्यात : कातडी, वजन, गोळ्यांची शिल्लक, जेवण आणि मनःस्थिती. महिन्याभरात त्यातून जे चित्र उभे राहते, ते कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरे असते.

चांगल्या केंद्रांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट रात्री जागणाऱ्या मावशींना आणि नर्सना ‘तुमच्यावर किती जणांचा भार आहे?’ असे विचारणारे नातेवाईक विरळाच भेटतात. तो प्रश्न त्यांच्या वतीनेही व्यवस्थापनाला विचारावा. रात्रपाळीला दोनाऐवजी चार माणसे आली, तर त्याचा पहिला फायदा खाटेवरच्या माणसालाच होतो.